एकच ब्रेक, दोन अँटिबॉडी

२००८ च्या एप्रिलमध्ये फायझर कंपनीने ट्रेमेलिमुमॅब या आपल्या अँटिबॉडीची मेलानोमा या त्वचेच्या कॅन्सरवरची तिसऱ्या टप्प्याची चाचणी गुंडाळली. चाचणीत ६५५ रुग्ण होते. निम्म्यांना अँटिबॉडी मिळत होती, निम्म्यांना नेहमीची केमोथेरपी. मधल्या तपासणीत स्वतंत्र समितीने आकडे पाहिले, तर दोन्ही गट सारखेच जगत होते. पुढे चालू ठेवूनही फरक दिसण्याची आशा नाही, असा हिशेब निघाला आणि काम थांबले.

तीन वर्षांनी, २५ मार्च २०११ रोजी, अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याच आजारासाठी इपिलिमुमॅब ही अँटिबॉडी मंजूर केली. ही दुसरी अँटिबॉडी टी पेशीवरच्या अगदी त्याच रेणूला चिकटते. दोन्ही अँटिबॉडी माणसाची जनुके घातलेल्या उंदरांपासून मिळवलेल्या. दोघींच्या मुळाशी विचारही एकच. तरी एक नापास झाली आणि दुसरीने कॅन्सरच्या उपचारांची दिशा फिरवली.

हे प्रकरण सांगताना बहुधा जेम्स ॲलिसन या शास्त्रज्ञाच्या चिकाटीची गोष्ट सांगितली जाते. ती खरी आहे, चांगली आहे आणि पुढे येणारच आहे. पण मला जास्त गुंतवून ठेवते ती नापास झालेली अँटिबॉडी. औषध चालते की नाही हे आपण कशाने मोजतो, कधी मोजतो आणि मोजायचे कधी थांबवतो, हा या प्रकरणातला खरा पेच आहे. गंमत अशी की हा पेच पहिल्याच उंदरांमध्ये, १९९४ च्या नाताळात, ॲलिसनच्या डोळ्यांसमोर उभा राहून गेला होता.

ब्रेक की ॲक्सिलरेटर?

टी पेशी म्हणजे शरीरातली पहारेकरी पेशी. समोरची पेशी परकी किंवा बिघडलेली आहे हे ती आपल्या ग्राहीने ओळखते. पण नुसते ओळखून ती हल्ला करत नाही. तिला दुसरा एक इशारा लागतो, आणि तो सीडी२८ नावाच्या रेणूतून मिळतो. ॲलिसन स्वतः यासाठी गाडीची उपमा देतात: ग्राही म्हणजे किल्ली, सीडी२८ म्हणजे ॲक्सिलरेटर. किल्ली फिरवली म्हणून गाडी धावत नाही.

याच सीडी२८ चा जणू सख्खा भाऊ वाटावा असा एक रेणू १९८७ मध्ये फ्रान्समधल्या मार्सेय इथे पिएर गोल्स्टाइन यांच्या प्रयोगशाळेत सापडला. त्याचे नाव सीटीएलए-४. तो काय काम करतो हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हते. पुढे कळले की तो सीडी२८ ज्याला धरतो त्याच बी७ रेणूला धरतो, आणि जास्त घट्ट धरतो. मग साहजिकच अनेकांनी अंदाज बांधला की हा दुसरा ॲक्सिलरेटर असावा. सिअ‍ॅटलमध्ये ब्रिस्टल-मायर्स स्क्विब कंपनीच्या शास्त्रज्ञांनी तसे निष्कर्षही मांडले.

बर्कलीला ॲलिसनच्या प्रयोगशाळेत मॅक्स क्रमेल या विद्यार्थ्याने सीटीएलए-४ ला चिकटणारी अँटिबॉडी तयार केली आणि प्रयोगाचे निकाल उलटे येऊ लागले. हा रेणू टी पेशीला आवरत होता. शिकागोत जेफ्री ब्लूस्टोन यांचा गटही स्वतंत्रपणे याच निष्कर्षाला पोचला. १९९५ मध्ये वादाला जागाच उरली नाही. आर्लीन शार्प आणि टाक माक यांच्या गटांनी, आपापल्या ठिकाणी, हे जनुकच नसलेले उंदीर तयार केले. ती पिल्ले तीन-चार आठवड्यांत मेली. त्यांच्या टी पेशी बेसुमार वाढून हृदयात, स्वादुपिंडात, जागा मिळेल तिथे घुसल्या होत्या. ब्रेकच नसलेल्या गाडीचे जे व्हायचे तेच झाले.

या पिल्लांचा मृत्यू लक्षात ठेवायला हवा, कारण पुढे माणसांत दिसलेले दुष्परिणाम तिथेच आधी दिसले होते.

ब्रेक सापडल्यावर दोन वाटा फुटतात. संधिवातासारख्या, शरीर स्वतःवरच उलटणाऱ्या आजारांत तो जोरात दाबायचा, ही एक. ब्रिस्टल-मायर्सने त्या वाटेने अबाटासेप्ट हे औषध आणले आणि २००५ मध्ये ते मंजूरही झाले. दुसरी वाट ब्रेक काही काळ सोडवून ठेवण्याची. कॅन्सरची गाठ हा ब्रेक लागल्यामुळेच वाचत असेल तर? हा प्रश्न ॲलिसनला पडला. टेक्सासमधल्या ॲलिस या छोट्या गावात तो वाढला. आई लिम्फोमाने गेली तेव्हा तो लहान होता, पुढे मामा-काकांतले दोघेही कॅन्सरने गेले. तरीही आपण कॅन्सरवर औषध शोधायला निघालो नव्हतो, टी पेशी कशी चालते हे समजून घ्यायचे होते, असे तो सांगत आला आहे. मला ते पटते. औषध शोधायला निघालेला माणूस गाठीकडे बघत बसला असता. याचे लक्ष पेशीकडे होते.

नाताळातले पिंजरे

१९९४ च्या अखेरीस डेना लीच या सहकाऱ्याने उंदरांना मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या पेशी टोचल्या. काहींना सीटीएलए-४ अडवणारी अँटिबॉडी दिली, काहींना नाही. अँटिबॉडी मिळालेल्या उंदरांच्या गाठी विरघळल्या. निकाल इतका चांगला होता की ॲलिसनलाच शंका आली. त्याने प्रयोग लगेच पुन्हा करायला सांगितले. पण नाताळ आला होता आणि लीच युरोपला निघाला होता. तेव्हा ठरले असे की लीचने इंजेक्शने देऊन जायचे, कोणत्या पिंजऱ्यात काय दिले ते सांगायचे नाही, आणि गाठी ॲलिसनने स्वतः मोजायच्या.

सुट्टीत रिकाम्या इमारतीत तो पिंजरे मोजत राहिला. सुरुवातीला सगळ्याच पिंजऱ्यांत गाठी वाढत होत्या. पहिल्या वेळी आपण काहीतरी चुकलो, असे त्याला वाटू लागले. मग काही पिंजऱ्यांत वाढ मंदावली, थांबली, गाठी आकसू लागल्या. सुट्टी संपेपर्यंत पिंजऱ्यांचे दोन सरळ गट पडले होते.

मार्च १९९६ मध्ये हे काम ‘सायन्स’ मध्ये छापून आले. बऱ्या झालेल्या उंदरांना त्याच कॅन्सरच्या पेशी पुन्हा टोचल्या तर त्या रुजल्या नाहीत, हेही त्यात होते. टी पेशींना शत्रूची ओळख राहिली होती.

आता या गोष्टीतला एक तुकडा वेगळा काढून ठेवतो: सुरुवातीला सगळ्याच गाठी वाढत होत्या. ॲलिसनने त्याच वेळी वही मिटली असती, तर प्रयोग फसला अशी नोंद झाली असती. चौदा वर्षांनी फायझरच्या चाचणीत जे घडले त्याचे हे उंदरांतले छोटे रूप होते.

औषध कोण करणार?

‘सायन्स’ मधल्या लेखानंतरही मोठ्या कंपन्या तयार होईनात. ॲलिसन दोनेक वर्षे दारोदार फिरला. कंपन्यांना दोष देणे सोपे आहे. त्यांची बाजूही ऐकून घ्यायला हवी. प्रतिकारशक्तीने कॅन्सर बरा करण्याची आश्वासने त्याआधी कितीदा तरी देऊन झाली होती. लशी आल्या, इंटरल्युकिन आले, मासिकांची मुखपृष्ठे झाली, आणि बहुतेक रुग्णांच्या पदरी काही पडले नाही. त्यात हा माणूस म्हणत होता की आमचे औषध कॅन्सरच्या पेशीला हातही लावत नाही. उंदरांतले कॅन्सर तर सगळेच बरे करतात, हा टोमणा या धंद्यात जुना आहे आणि तो उगाच पडलेला नाही.

शेवटी न्यू जर्सीतली मेडारेक्स ही लहानशी कंपनी पुढे आली. तिच्याकडे नेमके हवे ते साधन होते: खास उंदीर.

१९७५ मध्ये केंब्रिजला कोहलर आणि मिलस्टाइन यांनी एकाच साच्याच्या अँटिबॉडी हव्या तितक्या बनवण्याची रीत काढली आणि १९८४ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. पण त्या अँटिबॉडी उंदराच्या. माणसाचे शरीर त्यांना परके समजते आणि त्यांच्याच विरुद्ध उभे राहते. तोडगा असा निघाला की उंदराची अँटिबॉडीची जनुके बंद पाडायची आणि माणसाची बसवायची. मग उंदीर जी अँटिबॉडी तयार करेल ती माणसाची असेल. १९९४ मध्ये, काही आठवड्यांच्या अंतराने, दोन गटांनी असे उंदीर जाहीर केले. निल्स लॉनबर्ग यांचा उंदीर जेनफार्म कंपनीचा. ती कंपनी १९९७ मध्ये मेडारेक्सने घेतली. दुसरा सेल जेनेसिसचा. तो ॲबजेनिक्सकडे गेला. पहिल्यापासून इपिलिमुमॅब आली, दुसऱ्यापासून फायझरची ट्रेमेलिमुमॅब.

दोघींत एक फरक मात्र होता. अँटिबॉडीच्या इंग्रजी वाय अक्षरासारख्या आकारात वरच्या दोन फांद्या लक्ष्य धरतात आणि खालचा दांडा इतर पेशींना बोलावतो. इपिलिमुमॅब आयजीजी१ जातीची, म्हणजे तिचा दांडा भक्षक पेशींना हाक मारू शकतो. ट्रेमेलिमुमॅब आयजीजी२, म्हणजे मुकाट दांड्याची. ब्रेक फक्त झाकायचा, टी पेशीला इजा होऊ द्यायची नाही, म्हणून मुकाट दांडा निवडणे तर्काला धरूनच होते. पण उंदरांतल्या प्रयोगांत नंतर दिसले की बोलका दांडा गाठीतल्या नियामक, म्हणजे इतर टी पेशींना आवरून धरणाऱ्या, टी पेशींचा काटा काढतो आणि परिणामाचा बराचसा भाग त्यातूनच येतो. माणसात हे कितपत लागू पडते यावर तज्ज्ञ अजून भांडतात. म्हणून दांड्याला सगळे श्रेय किंवा दोष मी देणार नाही.

चौदा रुग्ण

२००३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेतून स्टीव्हन रोझेनबर्ग यांच्या गटाचा अहवाल आला. पसरलेल्या मेलानोमाच्या चौदा रुग्णांना मेडारेक्सची अँटिबॉडी एका पेप्टाइड लशीबरोबर, म्हणजे प्रथिनाच्या तुकड्यापासून केलेल्या लशीबरोबर, दिली होती. तिघांच्या गाठी आकसल्या. त्यातल्या दोघांच्या पूर्णपणे नाहीशा झाल्या. आणि सहा जणांना गंभीर त्रास झाला: कातडीचा दाह, आतड्याचा दाह, यकृताचा दाह, पीयूषिका ग्रंथीचा दाह. शार्प आणि माक यांच्या पिल्लांची आठवण इथे व्हावी.

मेलानोमा म्हणजे त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा कॅन्सर. गोऱ्या कातडीच्या देशांत तो बऱ्यापैकी आढळतो. आपल्याकडे कमी, आणि दिसला तर पुष्कळदा तळपायाला किंवा नखाखाली. पसरलेल्या मेलानोमावर तोपर्यंत एकाही औषधाने तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीत आयुष्य वाढवून दाखवले नव्हते. डाकार्बाझिन ही केमो १९७० च्या दशकापासून दिली जात होती, दुसरे काही हाताशी नव्हते म्हणून. अशा आजारात चौदापैकी तीन ही मोठी गोष्ट होती. २००४ मध्ये ब्रिस्टल-मायर्सने मेडारेक्सशी भागीदारी केली. २००९ मध्ये सुमारे २.४ अब्ज डॉलर मोजून सगळी कंपनीच विकत घेतली. सीटीएलए-४ ला एके काळी ॲक्सिलरेटर समजणारी कंपनी हीच.

गाठ वाढली, रुग्ण बरा

आता मोजपट्टीकडे येऊ.

कॅन्सरचे औषध चालते का, हे स्कॅनवर गाठी मोजून ठरवतात. त्याचे नियम ठरलेले आहेत. रेसिस्ट नावाच्या पद्धतीत निवडक गाठींच्या लांबीची बेरीज ३० टक्के घटली तर औषधाला प्रतिसाद मिळाला असे धरतात. २० टक्के वाढली, किंवा कुठे नवी गाठ दिसली, तर आजार बळावला असे लिहून औषध बंद करतात. केमोसाठी हे नियम रास्त आहेत. केमो विष आहे. ते चालत असेल तर सहा-आठ आठवड्यांत गाठ आकसते, नसेल तर वाढते. वाढत्या गाठीवर विष देत राहणे म्हणजे रुग्णाला फुकट छळणे.

पण इपिलिमुमॅब गाठीला मारत नाही, टी पेशींना मोकळे सोडते. त्या पेशी वाढायला वेळ लागतो. आणि त्या गाठीत घुसल्या की गाठ फुगते. स्कॅनवर ती मोठी दिसते, पण आत कॅन्सर वाढलेला नसतो, पहारेकऱ्यांची गर्दी झालेली असते. आधी डोळ्यांना न दिसणारी बारीक गाठ अशीच फुगून ‘नवी गाठ’ म्हणून रिपोर्टात येते. नियम म्हणतो औषध बंद करा. डॉक्टरसमोर बसलेला माणूस मात्र सांगतो की मला बरे वाटतेय, भूक लागतेय. जेड वोलचोक आणि सहकाऱ्यांनी दुसऱ्या टप्प्यातल्या ४८७ रुग्णांच्या माहितीवरून २००९ मध्ये प्रतिसादाच्या चार तऱ्हा मांडल्या. कुणाच्या गाठी लगेच आकसतात. कुणाच्या तशाच राहून महिनोन्महिने सावकाश उतरतात. कुणाच्या आधी वाढतात, मग कमी होतात. कुणाच्या नव्या गाठी दिसत असतानाच जुन्या विरतात. जुन्या मोजपट्टीला यातली पहिलीच तऱ्हा नीट दिसत होती.

इथे एक इशारा द्यायला हवा, कारण ही माहिती अर्धवट पोचली की घातक ठरते. इम्युनोथेरपीवर गाठ वाढली तर बहुतेक वेळा कॅन्सरच वाढलेला असतो. फसवी वाढ थोड्यांच्याच वाट्याला येते. रिपोर्ट बघून घरात रडारड झाली की कुणी तरी मोबाइलवर वाचलेले सांगतो, अहो, ही तर औषध लागू पडल्याची खूण. ते रुग्णाची प्रकृती, पुढचा स्कॅन, क्वचित बायॉप्सी यांवरून डॉक्टरांनी ठरवायचे असते.

चालू सामन्यात स्टंप हलवणे

ब्रिस्टल-मायर्स आणि मेडारेक्स यांच्या मोठ्या चाचणीत तेरा देशांतले ६७६ रुग्ण होते. ४०३ जणांना इपिलिमुमॅब आणि जीपी१०० ही पेप्टाइड लस, १३७ जणांना फक्त इपिलिमुमॅब, १३६ जणांना फक्त लस. मुख्य निकष ठरला होता तो किती जणांच्या गाठी आकसल्या हा. चाचणी चालू असतानाच, २००९ मध्ये, तो बदलून ‘रुग्ण किती काळ जगले’ हा केला गेला.

असे काही ऐकले की कान टवकारायलाच हवेत. चालू सामन्यात स्टंप हलवणाऱ्याला आपण काय म्हणतो? औषध कंपन्यांनी हरत आलेली चाचणी सोयीचा निकष लावून जिंकल्याची उदाहरणे आहेतच. इथे मात्र दोन गोष्टी वेगळ्या होत्या. एक, कुणाला काय मिळाले हे झाकलेलेच होते. गटवार आकडे पाहून बदल केला नव्हता. दोन, नवा निकष जुन्यापेक्षा कठीण होता. गाठ आकसल्याचे दाखवणे त्या मानाने सोपे. माणूस जास्त जगला हे दाखवायला वेळ लागतो, पैसा लागतो, आणि तिथे लपवाछपवीला वाव नसतो. मृत्यूच्या तारखेवर रेडिऑलॉजिस्टचे मतभेद होत नाहीत. म्हणून हा बदल मला चलाखी वाटत नाही. स्टंप हलवले खरे, पण गोलंदाजाने ते स्वतःच लांब नेले.

५ जून २०१० रोजी शिकागोत निकाल जाहीर झाले. फक्त लस घेतलेल्यांत मध्यम आयुर्मान ६.४ महिने. लशीसह इपिलिमुमॅबवर १० महिने. नुसत्या इपिलिमुमॅबवर १०.१ महिने. म्हणजे लशीने काही भर घातली नव्हती. औषधामुळे झालेले म्हणून नोंदले गेलेले मृत्यू १४ होते. साडेतीन महिन्यांसाठी एवढे सगळे, असे म्हणणारेही तेव्हा होते.

त्यांचे आक्षेप पोकळ नव्हते, पण मध्यम आयुर्मान हा आकडा इथे फसवतो. शंभर रुग्ण जगण्याच्या क्रमाने ओळीत उभे करा. पन्नासावा जितका जगला ते मध्यम आयुर्मान. आता समजा औषधाने वीस जणांना दहा वर्षे दिली आणि ऐंशी जणांना काहीच दिले नाही. ते वीस ओळीच्या टोकाला जाऊन उभे राहतील. पन्नासावा माणूस त्या ऐंशींतलाच. त्याचा आकडा जेमतेम हलेल. मध्यावर उभे राहून बघणाऱ्याला टोकाला काय घडले ते कळणारच नाही.

आणि घडले ते टोकालाच. नुसत्या इपिलिमुमॅबवर दोन वर्षांनी २३.५ टक्के रुग्ण हयात होते. नुसत्या लशीवर १३.७. पुढे वेगवेगळ्या चाचण्यांतल्या १,८६१ रुग्णांची माहिती २०१५ मध्ये एकत्र मांडली गेली. तीन वर्षांनी सुमारे २२ टक्के जिवंत होते, आणि तिथून पुढे आलेखाची रेघ जवळजवळ आडवी होत गेली. काही रुग्णांची नोंद दहा वर्षांपर्यंतची होती. पसरलेल्या मेलानोमात अशी आडवी रेघ आधी कुणी पाहिली नव्हती.

मग ती का नापास झाली?

फायझरच्या चाचणीचे अंतिम आकडे २०१३ मध्ये छापून आले. ट्रेमेलिमुमॅबवर मध्यम आयुर्मान १२.६ महिने, केमोवर १०.७. गाठी आकसलेल्यांचे प्रमाणही जवळपास सारखेच: १०.७ टक्के आणि ९.८ टक्के. इथवर वाचणारा म्हणेल, नापास ते नापासच. पण पुढची ओळ वाचायला हवी. ज्यांच्या गाठी आकसल्या त्यांच्यात तो प्रतिसाद केमोवर १३.७ महिने टिकला होता आणि ट्रेमेलिमुमॅबवर ३५.८ महिने. गुण आला तो टिकून राहिला. हीच तर या जातीच्या औषधाची ओळख. अँटिबॉडी काम करत होती. मधल्या तपासणीच्या दिवसापर्यंत ते दिसायचे बाकी होते.

बाकीच्या कारणांपैकी मला सर्वांत वजनदार वाटते ती रुग्णांची निवड. रक्तातले एलडीएच हे विकर वाढले की आजार जास्त बळावलेला असतो. ते फार वाढलेले रुग्ण फायझरने घेतले नव्हते. म्हणजे त्यांच्या रुग्णांची प्रकृती मुळातच बरी होती, आणि केमोच्या गटातले लोकही अपेक्षेपेक्षा जास्त जगले. शिवाय केमोवरच्या काही रुग्णांनी नंतर दुसरीकडून इपिलिमुमॅब मिळवली होती. तिचा फायदा हिशेबात केमोच्या खात्यावर जमा झाला. आपल्या अँटिबॉडीला तिच्याच बहिणीशी झुंजवले गेले म्हणा ना. डोसही वेगळे होते. इपिलिमुमॅब दर तीन आठवड्यांनी, किलोमागे ३ मिलिग्रॅम, चार वेळा. ट्रेमेलिमुमॅब नव्वद दिवसांतून एकदा, किलोमागे १५ मिलिग्रॅम. दांड्याचा मुद्दा वर आलाच आहे.

यातले नेमके किती कशामुळे, हे वेगळे काढता येणार नाही, कारण दोन्ही अँटिबॉडी समोरासमोर कधी लढल्याच नाहीत. ब्रिस्टल-मायर्सचे लोकही सर्वज्ञ नव्हते. त्यांच्या तुलनेच्या गटात डाकार्बाझिनऐवजी लस होती, आणि ६.४ महिन्यांच्या तुलनेत जिंकणे १०.७ च्या तुलनेत जिंकण्याहून सोपे. माझ्या मते फायझरची चूक थांबण्यात नव्हती. नियम आधी ठरले होते आणि ते पाळले गेले. रुग्णांच्या हितासाठी ते पाळायलाच हवेत. चूक होती ती केमोच्या मापाने ते नियम ठरवण्यात. दोन गटांच्या जगण्याच्या रेघा उशिरा फाकणार असतील तर लवकर डोकावून काय दिसणार?

त्यानंतर

मंजुरीच्या वेळी चार डोसांच्या इपिलिमुमॅबची किंमत अमेरिकेत सुमारे १,२०,००० डॉलर होती. या आकड्यावर मी काही म्हणण्याची गरज नाही. दुष्परिणामांची शिस्त डॉक्टर हळूहळू शिकले: जुलाब सुरू झाले की थांबायचे नाही, लगेच कळवायचे, वेळेत स्टेरॉइड द्यायचे, त्यांनी आतड्याचा दाह आवरला नाही तर इन्फ्लिक्सिमॅब. अँटिबॉडीने सोडलेला ब्रेक आवरायला दुसरी अँटिबॉडी.

२०१८ चे नोबेल ॲलिसन आणि क्योतोचे तासुकू होंजो यांना मिळून मिळाले. होंजो यांच्या प्रयोगशाळेत १९९२ मध्ये पीडी-१ हा दुसरा ब्रेक सापडला होता, आणि त्याच्यावरच्या अँटिबॉडी पुढे जास्त गुणकारी आणि कमी त्रासाच्या निघाल्या. पसरलेल्या मेलानोमाच्या ९४५ रुग्णांच्या चाचणीत दहा वर्षांनंतर नुसत्या इपिलिमुमॅबवर १९ टक्के, पीडी-१ वरच्या निवोलुमॅबवर ३७ टक्के आणि दोन्ही मिळून ४३ टक्के रुग्ण हयात होते. एकट्या इपिलिमुमॅबला आता फारसे काम उरलेले नाही. वाट मात्र तिनेच पाडली.

मोजण्याचा प्रश्न आपल्या दारातही वेगळ्या वेषात आला. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये डोके-मानेच्या कॅन्सरचे, म्हणजे बहुतांशी तंबाखूचे, रुग्ण लोटतात आणि निवोलुमॅबचा पूर्ण डोस त्यांतल्या फार थोड्यांना परवडतो. तिथल्या डॉक्टरांनी विचारले की एवढा डोस लागतो तरी का? नेहमीचा डोस दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम. त्यांनी तीन आठवड्यांनी अवघे २० मिलिग्रॅम दिले, तोंडी औषधांच्या जोडीला. १५१ रुग्णांच्या त्या चाचणीत एक वर्ष जगणाऱ्यांचे प्रमाण १६.३ वरून ४३.४ टक्क्यांवर गेले. तोंडी औषधांसह पूर्ण डोस दिलेला तिसरा गट त्यात नव्हता, त्यामुळे २० मिलिग्रॅम हे २४० च्या तोडीचे आहेत असे ती चाचणी सांगत नाही. पण ज्याला २४० कधीच मिळणार नव्हते, त्याच्यासाठी तो प्रश्नच गैरलागू होता.

आणि ट्रेमेलिमुमॅब? फायझरने ती २०११ मध्ये ॲस्ट्राझेनेकाच्या मेडइम्यून या शाखेला दिली. वर्षानुवर्षे ती निरनिराळ्या कॅन्सरमध्ये, निरनिराळ्या डोसांत, कधी यश न देता फिरत राहिली. शेवटी शस्त्रक्रियेपलीकडे गेलेल्या यकृताच्या कॅन्सरमध्ये तिला जागा सापडली: ड्युर्व्हालुमॅब या दुसऱ्या अँटिबॉडीबरोबर, सुरुवातीला एकदाच ३०० मिलिग्रॅम, पुन्हा नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये अमेरिकेत तिला मंजुरी मिळाली. चाचणीचे नाव होते हिमालया. या वेळी मोजणे लवकर थांबवले नाही: पाच वर्षांनी सोराफेनिब या तुलनेच्या औषधाच्या गटातले ९.४ टक्के रुग्ण हयात होते, आणि ज्यांना ती एकदाच टोचली होती त्यांच्यातले १९.६ टक्के.